तिसऱ्या पसंतीचा नट

ऑस्करची नामांकनं जाहीर होतात त्या संध्याकाळी धाकट्या भावाचा मेसेज येतो : ‘ताई, कोण राहिलं?’ कोण आलं हे तो विचारत नाही. ती यादी त्याच्याकडे असतेच. आम्हा दोघांना गोडी असते ती राहिलेल्यांची नावं काढण्यात, आणि त्या वर्षीची संपली की आम्ही मागे मागे जात राहतो.

मागे गेलं की नावांना तोटा नाही. मर्लिन मन्रो राहिली. ‘सम लाइक इट हॉट’साठी जॅक लेमनला नामांकन होतं, तिला नाही. अ‍ॅलन रिकमन राहिला. पीटर लॉर राहिला, जोसेफ कॉटन राहिला, बोरिस कार्लोफ राहिला. जिम कॅरीने लागोपाठ दोन वर्षं गोल्डन ग्लोब घरी नेलं आणि दोन्ही वर्षी ऑस्करच्या यादीत त्याचा पत्ता नव्हता. केरी ग्रँटने आयुष्यभर लोकांना हसवलं आणि त्याला दोनदा नामांकन मिळालं ते गंभीर भूमिकांसाठी. अशी यादी पाच मिनिटांत पंचविसावर जाते, आणि मग मला कंटाळा येतो. नुसत्या नावांतून हळहळ तेवढी हाती लागते.

त्या यादीतला एकच माणूस मला खरा छळतो. जॉन कझाल.

‘द गॉडफादर’ (१९७२), ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४), ‘द गॉडफादर’चा दुसरा भाग (१९७४), ‘डॉग डे आफ्टरनून’ (१९७५), ‘द डिअर हंटर’ (१९७८). एवढे पाच मोठे चित्रपट त्याच्या नावावर. सहावा नाही. पाचही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं, त्यातल्या तिघांना पुरस्कार. इतका निखळ हिशेब दुसऱ्या कुणा नटाचा असेल असं मला वाटत नाही. १९७८ च्या मार्चमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला. वय ४२. ‘द डिअर हंटर’ त्याने आजारपणातच केला आणि तो पडद्यावर यायच्या आत तो गेला होता. अभिनयासाठी त्याला ऑस्करचं नामांकन एकदाही नाही.

आता ‘द गॉडफादर’चं घर मोजून बघा. वडील, म्हणजे ब्रँडो : प्रमुख अभिनेता, नामांकन आणि पुरस्कार. थोरला सनी, म्हणजे जेम्स कान : सहायक अभिनेता, नामांकन. धाकटा मायकल, म्हणजे पचिनो : नामांकन. मानलेला मुलगा टॉम, म्हणजे रॉबर्ट डुव्हाल : नामांकन. घरात चार मुलगे वाढले, तिघांची नावं त्या वर्षीच्या पाचांत आली. फ्रेडो, म्हणजे कझाल, राहिला. दुसऱ्या भागाच्या वेळी तर कमाल झाली. पचिनो प्रमुख भूमिकेसाठी, सहायकमध्ये डी नीरो, मायकल गाझो आणि ली स्ट्रासबर्ग असे तिघे, शिवाय बहिणीचं काम करणारी टालिया शायर. बहीणसुद्धा आली. फ्रेडो पुन्हा राहिला. आणि दुसऱ्या भागाच्या मध्यभागी दुसरा कोण आहे? मायकलने काय गमावलं हे ज्याच्याकडे बघून कळतं, तो फ्रेडोच.

कथेत फ्रेडो हा घरच्यांनी सोडून दिलेला मुलगा आहे. मतदारांनीही त्याला तसंच वागवलं असं म्हणण्याचा मोह होतो, आणि पुष्कळांनी ते म्हटलंय. ते टाळीचं वाक्य आहे, म्हणून मला ते पटत नाही. मतदार मूर्ख नव्हते. कझाल चांगला आहे हे त्यांना दिसत असणारच. मग काय झालं?

याचं उत्तर मला एका स्पर्धेच्या परीक्षकाच्या खुर्चीवर बसल्यावर मिळालं, आणि ते फारसं अभिमानाचं नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एकांकिका स्पर्धा, आम्ही तीन परीक्षक, तिघांच्या मांडीवर गुणतक्ते. एका एकांकिकेत दोनच पात्रं होती : घर सोडून निघालेली मुलगी आणि तिचा काका. मुलीला सलग मोठा संवाद होता, चांगला आठ-दहा मिनिटांचा, आणि ती तो जीव तोडून म्हणत होती. काका खाली बसून रद्दीचा गठ्ठा सुतळीने बांधत होता. ती बोलतेय, तो बांधतोय. आई गेली त्या रात्रीचा विषय निघाला तेव्हा मला वाटलं, आता याचे हात थांबणार. नेहमी थांबतात. याचे थांबले नाहीत. उलट त्याने गाठ जरा जास्तच आवळली आणि सुतळी तुटली. त्याने तुटलेली दोन टोकं बोटांत धरली, एकमेकांना बांधली, ओढून पाहिली, आणि पुन्हा गठ्ठ्याला वेढा द्यायला सुरुवात केली. मुलीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. माझ्या तक्त्याच्या समासात मी लिहिलं होतं, ‘सुतळी!’

निकालाच्या बैठकीत अभिनयाची दोन पारितोषिकं द्यायची होती आणि एक उत्तेजनार्थ. मुलगी माझ्या यादीत पहिली, तिसऱ्या परीक्षकांच्या यादीतही पहिली. दुसऱ्या परीक्षकांनी एका दारुड्याचं काम करणाऱ्या मुलाला पहिलं ठेवलं होतं. तो माझ्या यादीत कुठेच नव्हता. ते त्याच्यासाठी भांडले. चांगले पंधरा मिनिटं, आवाज चढवून भांडले. शेवटी पहिलं मुलीला, दुसरं दारुड्याला. उत्तेजनार्थ तिसऱ्या परीक्षकांच्या आग्रहाने आणखी कुणाला गेलं. सह्या करताना सहज तक्ते शेजारी शेजारी ठेवले तेव्हा माझ्या लक्षात आलं : काका तिघांच्याही यादीत होता. तिघांच्याही यादीत तिसरा. सबंध स्पर्धेत सगळ्यांना आवडलेला तोच एक नट होता, आणि त्याच्यासाठी कुणी तोंड उघडलं नव्हतं. मीसुद्धा नाही. समासात उद्गारचिन्ह काढून मी मोकळी झाले होते.

नंतर अकादमीची मतमोजणी कशी चालते ते नीट वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच तीन कागद आले. अभिनयाची नामांकनं ठरवतात ते नटच. अंतिम मतदान सगळ्या शाखांचं असतं, पण आधीची पाच नावं फक्त अभिनेत्यांची शाखा काढते, आणि तिचे सभासद हजारावर आहेत. प्रत्येकाने पसंतीक्रमाने पाचपर्यंत नावं लिहायची. विधान परिषदेच्या निवडणुकीच्या बातम्या वाचणाऱ्याला यात नवीन काही नाही : पहिल्या पसंतीची मतं, कोटा, बाद झालेल्याची मतं पुढच्या पसंतीला. समजा १२०० मतपत्रिका आल्या. जागा पाच. १२०० ला सहाने भागायचं आणि एक मिळवायचा, म्हणजे २०१. ज्याच्या नावापुढे २०१ जणांनी ‘१’ लिहिला, तो आत.

आता असा नट घ्या, ज्याचं नाव बाराशेच्या बाराशे जणांनी लिहिलंय, पण तिसऱ्या ओळीवर. पहिल्या फेरीत त्याच्या खात्यात शून्य. ज्याला पहिल्या पसंतीचं एकही मत नाही तो तिथेच बाद. त्याच्याहून पाच पट कमी लोकांना आवडलेला, पण ज्यांना आवडला त्यांना वेड लावलेला नट आरामात पाचांत बसतो. ही पद्धत वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. बहुमताला न रुचणारं एखादं विलक्षण काम तिच्यामुळेच यादीत येतं. पण प्रश्न ती असा विचारते की, तुम्ही कुणासाठी भांडाल? आणि रद्दी बांधणाऱ्यासाठी कुणी भांडत नाही.

कझाल हा रद्दी बांधणारा नट होता.

त्याची कामं पुन्हा बघताना मी एक खोड लावून घेतलीय. चौकटीत दोन माणसं असली की बोलणाऱ्याच्या बाजूला तळहात धरायचा आणि उरलेला अर्धा पडदा बघायचा. घरचे वैतागतात, पण यातून जे दिसतं ते एरवी दिसत नाही. ‘डॉग डे आफ्टरनून’मध्ये बँक लुटायला गेलेले दोघे. पचिनो सबंध चित्रपटभर धावतो, ओरडतो, घामाघूम होतो, रस्त्यावरच्या गर्दीला हाताशी धरतो. कझालचा सॅल बंदूक घेऊन बसलेला किंवा उभा, आणि त्याच्या कपाळामागे एक-एक वाक्य पोहोचायला लागणारा तो क्षणभराचा वेळ. पळून कुठल्या देशात जायचं असं पचिनो विचारतो, तेव्हा सॅल विचार करून सांगतो, वायोमिंग. हे उत्तर कझालने ऐन वेळी दिलेलं, असं सांगतात. प्रेक्षक हसतात, पण हात धरून बघितलं तर हसू येत नाही. त्या चेहऱ्यावर विनोद केल्याची खूण कुठेच नाही. या माणसाला परदेश म्हणजे काय हे खरंच ठाऊक नाही, आणि आपला जीव आता अशा लोकांच्या हातात आहे ज्यांना ते ठाऊक आहे, एवढंच त्याला कळलेलं आहे. त्या कामासाठी गोल्डन ग्लोबने त्याला नामांकन दिलं होतं. ऑस्करचं सहायक अभिनेत्याचं नामांकन त्या चित्रपटातून ख्रिस सॅरंडनला मिळालं.

पहिल्या ‘गॉडफादर’मध्ये वडिलांवर भर रस्त्यात गोळ्या झाडल्या जातात तेव्हा फ्रेडोच्या हातातून पिस्तूल निसटतं. तेवढ्यावर दृश्य संपवता आलं असतं. कझाल रस्त्याच्या कडेला बसतो आणि लहान मुलासारखा रडतो, आणि तिथून पुढे दोन्ही चित्रपटांत तो कधीही खोलीत आला की ते निसटलेलं पिस्तूल त्याच्याबरोबर आत येतं. दुसऱ्या भागात तळ्याकाठच्या घरातला तो प्रसंग तर सगळ्यांना पाठ आहे. बाहेर बर्फ, मायकल उभा, आणि फ्रेडो मागे कललेल्या खुर्चीत जवळजवळ आडवा. संतापून बोलायला लागतो तेव्हा त्याला उठून बसायचं असतं, पण ती खुर्ची उठू देत नाही. हात हवेत उडतात, धड मागेच राहतं. धाकट्या भावापुढे आडवं पडून आपण हुशार आहोत हे पटवून द्यायचं, यासारखी मानहानी नाही. आणि मायकल त्याला तोडून टाकणारं बोलतो तेव्हा तो काय करतो? काही नाही. ऐकतो. थंडी वाजावी तसं ऐकतो.

त्याच्या रंगभूमीवरच्या दिवसांतली एक गोष्ट कळली तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले होते. चित्रपटांत यायच्या आधी तो आणि पचिनो एका नाटकात एकत्र होते, ‘द इंडियन वाँट्स द ब्राँक्स’. न्यूयॉर्कमध्ये मुलाला शोधत आलेला एक भारतीय माणूस रात्री बस थांब्यावर चुकतो. नाव गुप्ता. इंग्रजीचा गंध नाही. दोन टवाळ पोरं त्याला छळत राहतात. पचिनो त्यांतला एक पोरगा, आणि कझाल गुप्ता. म्हणजे समोरचा बोलतोय त्यातलं अक्षरही कळत नसताना फक्त सूर ऐकून घाबरायचं, आशा धरायची, पुन्हा घाबरायचं. १९६८ साली त्या नाटकासाठी दोघांनाही ओबी पुरस्कार मिळाला. छोट्या रंगमंचांसाठीचा हा पुरस्कार. तिथे परीक्षक थोडे असतात, बसून बघतात. ऐकण्याचं काम त्यांना दिसलं. आपण अभिनय सर्वांत जास्त कुणाकडून शिकलो असेन तर कझालकडून, असं पचिनोने नंतर सांगितलं आहे. ते त्याने सांगायची गरज नव्हती. दोघांचे प्रसंग बघितले तर पचिनोचा प्रत्येक मोठा क्षण कझालच्या अंगावर आपटून परत आलेला दिसतो.

हे मी भावाला सांगितलं तेव्हा त्याने लगेच माझी गाठ सोडली. ‘डुव्हालचं काय मग? टॉम हेगन तर सबंध चित्रपटभर ऐकण्याचंच काम करतो. त्याला मिळालं की नामांकन.’ मिळालं, खरंय. माझ्या म्हणण्याला तिथे भोक आहे आणि ते मी बुजवणार नाही. मूक भूमिकांचंही त्याने काढलं : जेन वायमनला ‘जॉनी बेलिंडा’साठी पुरस्कार आहे, हॉली हंटरला ‘द पियानो’साठी आहे, दोघींच्या तोंडी आवाज नाही. पण ते वेगळं. मुकेपण ही दिसणारी गोष्ट आहे. प्रेक्षकाला पहिल्या मिनिटाला कळतं की ही बोलणार नाही, आणि मग तो तिच्या डोळ्यांकडे बघायला तयार होऊन बसतो. ज्याला जीभ आहे, संवाद आहेत, आणि तरी त्या प्रसंगात समोरच्याचं पात्र उभं राहावं म्हणून जो स्वतः मागे होतो, त्याच्याकडे कोण तयारीने बघणार?

डोनाल्ड सदरलंडचंच बघा. ‘ऑर्डिनरी पीपल’, १९८०. पुन्हा एक घर. थोरला मुलगा बुडून गेलाय, धाकट्याने जीव द्यायचा प्रयत्न केलाय. आई झालेल्या मेरी टायलर मूरला नामांकन. मुलगा टिमथी हटन, विशीतला पोरगा, त्याला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार. मुलाचे डॉक्टर जड हर्श, त्यांनाही नामांकन. चित्रपटाला पुरस्कार, दिग्दर्शकाला पुरस्कार. बाप राहिला. अगदी ‘गॉडफादर’मधल्या कॉर्लिओने घरासारखा हिशेब.

आणि तो बाप काय करतो? दोघांच्या मधे उभा राहून ऐकतो. मुलाची बाजू बायकोला ऐकवतो, बायकोची मुलाला, आणि दोघांचंही अर्धवटच पोहोचतं हे त्याला दिसत राहतं. मोठ्या मुलाच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी बायकोने त्याला बूट बदलायला सांगितले होते, ही आठवण तो एका प्रसंगात काढतो. अशा दिवशी, आपण कुठले बूट घातलेत याने काय फरक पडत होता? दुसऱ्या नटाने यावर आवाज चढवला असता. सदरलंड ते असं विचारतो की जणू खरंच बुटांबद्दल एखादी माहिती हवीय. शेवटाकडे तो रात्री जेवणाच्या टेबलाशी एकटा बसून रडतो आणि बायको येऊन विचारते, तेव्हाही त्याच्या बोलण्यात आरोप नसतो. इतक्या हळू आवाजात घर मोडताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. मुलासाठी मतदार भांडले असतील, आईसाठीही भांडले असतील. बाप सगळ्यांनाच आवडला असेल. तिसरा.

स्टुडिओ कुणासाठी जाहिराती करतो, कुणाला प्रमुख म्हणून उभं करतो आणि कुणाला सहायक, हे राजकारण यात आहेच. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी त्यात पडत नाही. एकच जुना किस्सा सांगते. १९३४ च्या ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’साठी बेटी डेव्हिसचं नाव यादीत आलं नाही तेव्हा असा गहजब झाला की अकादमीने मतपत्रिकेवर हवं ते नाव हाताने लिहायची मुभा देऊन टाकली. तरी जिंकली क्लॉडेट कोल्बेरच. पुढच्या वर्षी हॅल मोर हा छायालेखक अशा हाताने लिहिलेल्या मतांवर पुरस्कार घेऊन गेला, आणि मग ती मुभा बंद झाली. पण गहजब कुणासाठी झाला ते बघा. त्या चित्रपटात बेटी डेव्हिस असा आकांडतांडव करते की आजही अंगावर येतो. तिच्यासाठी लोक पेटले, आणि पेटायलाच हवं होतं. फ्रेडोसाठी कुणी कागदावर हाताने नाव लिहिलं असतं का?

ऐकणाऱ्यांच्या या घराण्याचा मूळपुरुष मला विचाराल तर एडवर्ड जी. रॉबिन्सन. लोक त्याला १९३१ च्या ‘लिटल सीझर’मधला गुंड म्हणून ओळखतात, मी त्याला ‘डबल इंडेम्निटी’मधला कीज म्हणून. १९४४ चा चित्रपट, सात नामांकनं, त्यांत बार्बरा स्टॅनविक आहे, रॉबिन्सन नाही. विमा कंपनीतला खोटे दावे हुंगून काढणारा बुटका, चिडका माणूस. त्याच्याकडे सिगार असतो पण काडी कधीच नसते. खिसे चाचपत राहतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा तरुण सहकारी नेफ अंगठ्याच्या नखाने काडी ओढून त्याचा सिगार पेटवतो. तोच नेफ खून करतो. सगळा चित्रपट म्हणजे नेफने रात्री ऑफिसात बसून डिक्टाफोनवर कीजसाठी नोंदवलेला कबुलीजबाब. म्हणजे गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कीजलाच सांगितली जातेय. शेवटी नेफ मान वर करून बघतो तर कीज दारात उभा. किती वेळ उभा होता? पुरेसा. रॉबिन्सनच्या चेहऱ्यावर ना राग, ना धक्का. सबंध गोष्ट ऐकून झालेल्या माणसाचा चेहरा. मग जखमी नेफ दाराशी कोसळतो, सिगारेट तोंडाला लावतो, काडी ओढायचा प्रयत्न करतो, बोटांत त्राण नसतं. कीज त्याच्या हातातून काडी घेतो, नखाने पेटवतो आणि त्याच्या सिगारेटपुढे धरतो.

रॉबिन्सनला अकादमीने सन्मानार्थ ऑस्कर जाहीर केलं ते १९७३ साली. २६ जानेवारीला तो गेला, सोहळा २७ मार्चला होता, पुरस्कार त्याच्या पत्नीने घेतला. त्याच रात्री ‘द गॉडफादर’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि ब्रँडोने आपला पुरस्कार नाकारला. एकाला आयुष्यात एकदाही विचारलं नाही, दुसऱ्याने विचारलं तरी घेतलं नाही.

आपल्याकडचा या घराण्यातला माणूस कोण हे भावाने न विचारता सांगितलं : इरफान. ‘स्लमडॉग मिलेनिअर’ला दहा नामांकनं आणि आठ पुरस्कार मिळाले, अभिनयाचं नामांकन एकही नाही. त्यात इरफानचा इन्स्पेक्टर काय करतो? सुरुवातीला मारहाण होऊ देतो, आणि मग खुर्ची ओढून बसतो आणि पोराची गोष्ट ऐकतो. पोरगा खरं बोलतोय हे आपल्याला पटतं ते इन्स्पेक्टरला पटायला लागलेलं दिसतं म्हणून. पुढे ‘द लंचबॉक्स’मध्ये तर ऐकायला समोर माणूसही नाही. डबा उघडायचा, चिठ्ठीची घडी उलगडायची आणि वाचायची. वाचता वाचता घास थांबतो, इतकंच. त्या वर्षी भारताकडून ऑस्करला गेला तो ‘द गुड रोड’. म्हणजे या कामाला मतपत्रिकेवरची तिसरी ओळसुद्धा मिळायची सोय फारशी राहिली नाही.

पण एका गोष्टीमुळे माझा मतदार नटांवरचा राग ओसरला. ‘पॅरासाइट’ने २०२० च्या सोहळ्यात चार ऑस्कर घेतली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही, आणि त्यातल्या एकाही नटाला नामांकन नव्हतं. साँग कांग-होला नाही, कुणालाच नाही. परदेशी भाषा, परके चेहरे, असं लोक म्हणाले आणि त्यात तथ्य आहेच. पण त्याच्या थोडंच आधी अमेरिकन नटांच्या संघटनेने आपला सगळ्या चमूला मिळून दिला जाणारा पुरस्कार ‘पॅरासाइट’लाच दिला होता. इंग्रजीबाहेरच्या चित्रपटाला तो प्रथमच मिळाला. मतदार म्हटले तर बरेचसे त्याच व्यवसायातले. पाच नावं लिहा म्हटल्यावर यांना त्या घरातलं एकही नाव पहिल्या ओळीवर घालता आलं नाही, आणि सगळे मिळून कसे होते असं विचारल्यावर त्यांनी झटकन हात वर केला. ‘स्लमडॉग’लाही तो चमूचा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे दिसतं त्यांना. कागदावर ओळी कशा आखल्यात, त्यावर सगळं आहे.

आता ऑस्करमध्येही ९८व्या सोहळ्यापासून कास्टिंगसाठी वेगळा पुरस्कार आला आहे. भाऊ खूश आहे. मी थोडी कमी खूश आहे, कारण ती बाहुली नट निवडणाऱ्याच्या हातात जाणार. पण कझालला फ्रेडो म्हणून कुणी निवडलं असेल, त्याला काही दिसलं होतं हे तरी कबूल होईल.

बाकी आहे ते सन्मानार्थ. आपल्या स्पर्धांच्या भाषेत उत्तेजनार्थ, फक्त उत्तेजन देण्याजोगं वय उलटून गेल्यावर. ईलाय वॉलकला २०१० मध्ये मिळालं, मॉरीन ओहाराला २०१४ मध्ये, सदरलंडला २०१७ मध्ये. कझालला तेवढंही वय मिळालं नाही.

या सन्मानार्थवाल्यांत मला मर्ना लॉय सगळ्यांत आवडते. ‘द थिन मॅन’साठी तिच्या जोडीदाराला, विल्यम पॉवेलला नामांकन मिळालं. ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज’साठी तिच्या पडद्यावरच्या नवऱ्याला, फ्रेड्रिक मार्चला पुरस्कार. तिला दोन्ही वेळा काही नाही. त्या दुसऱ्या चित्रपटात युद्धावरून नवरा न कळवता घरी येतो. दार मुलं उघडतात, तो त्यांना ओठांवर हात ठेवून गप्प करतो. आतून तिचा आवाज येतो, दारात कोण आहे म्हणून. मुलं उत्तर देत नाहीत. ती पुन्हा काही बोलायला जाते आणि मधेच थांबते. ती आपल्याला अजून नीट दिसलेलीसुद्धा नाही, आणि तिने ती शांतता ऐकली हे आपल्याला कळतं. एवढ्या एका थांबण्यासाठी मी तो चित्रपट कितीदा लावला असेल.

१९९१ च्या मार्चमध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी, तिला सन्मानार्थ ऑस्कर दिलं. ती सोहळ्याला गेली नव्हती. न्यूयॉर्कच्या घरातून उपग्रहामार्फत पडद्यावर दिसली. त्या मंचावर लोक कागद काढून वाचतात, संगीत सुरू होईपर्यंत आभार मानतात. तुम्ही मला फार आनंद दिलात, अशा अर्थाचं एक वाक्य ती बोलली, आभार मानले, आणि गप्प झाली.